ऊन गोळा करणारा आरसा आणि आपलं रान

(धारणीकडच्या वनहक्क शिबिरात दुपारच्या बैठकीत आम्ही जे बोललो, ते लिहून द्या असं बऱ्याच गावांनी सांगितलं. म्हणून इथं देत आहोत. बोललो तसंच बरंचसं ठेवलं आहे. गावसभेत एकानं मोठ्यानं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं.)



जेवणं झाली आहेत, डोळे जड झाले आहेत, हे आम्हाला दिसतं आहे. म्हणून भाषणाआधी एक प्रश्न विचारतो. मे महिन्यात अकोल्याला पारा ४५ च्या वर जातो. तेंदूपानं तोडायला आपण पहाटे निघतो, कारण उशीर झाला की पाय भाजतात. दगडावर हात ठेवता येत नाही. एवढं ऊन असताना भांड्यात तांदूळ आणि पाणी घालून अंगणात ठेवलं, तर भात शिजत काऊन नाही?

एका आजीनं बसल्या जागेवरून उत्तर दिलं : "ऊन सारं पसरलं हाये ना बाबू. चुलीतला इस्तो एका जाग्यावर राह्यते."

आजच्या बोलण्याचं अर्धं सार आजीनं सांगून टाकलं. ऊन कमी नाही, ते पसरलेलं आहे. पसरलेलं ऊन एका जागी आणणं, एवढंच काम हा आरसा करतो. उरलेलं अर्धं सार जमिनीचं आणि हक्काचं आहे, तिथं शेवटी येऊ.

पसरलेलं ऊन किती असतं ते आधी पाहू. आभाळ स्वच्छ असताना भर दुपारी एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर साधारण १००० वॅट ऊन पडतं. म्हणजे १० वॅटचे १०० दिवे लागतील एवढं. आपली खाट घ्या, सहा फूट लांब, तीन फूट रुंद. त्या खाटेवर दुपारी जवळजवळ १५०० वॅट ऊन पडतं. शहरात विजेची शेगडी असते, तिची ताकद साधारण एवढीच. म्हणजे एका खाटेवर एका शेगडीचं ऊन रोज पडतं आणि रोज निघून जातं. आपल्या अंगणात अशा किती खाटा मावतील ते तुम्हीच मोजा.

आरसा ऊन कसं वळवतो

लेकरांना हे सांगावं लागत नाही. कंगव्यासोबतचा छोटा आरसा घेऊन ती कवडसा भिंतीवर नाचवतात, म्हाताऱ्याच्या डोळ्यावर मारतात आणि पळून जातात. आरसा थोडा तिरपा केला की कवडसा लांब सरकतो. नियम असा आहे : ऊन आरशावर ज्या कोनानं येतं, त्याच कोनानं दुसऱ्या बाजूला जातं. गोटी सपाट भिंतीवर मारली तर जशी उसळते, तसंच. यामुळे आरसा एक अंश हलला तर कवडसा दोन अंश हलतो. हे लक्षात ठेवा, पुढं कामाला येईल.

आता एका लेकराऐवजी वीस लेकरं घ्या. प्रत्येकाच्या हातात एक आरसा द्या आणि सगळ्यांना सांगा की कवडसा भिंतीवरच्या एकाच खुणेवर पाडा. त्या खुणेवर वीस आरशांचं ऊन पडेल. तिथं हात ठेवून बघा, लगेच काढून घ्याल.

ही वीस लेकरं कशी उभी राहतील? मधल्या लेकराला आरसा जवळजवळ सरळ सूर्याकडं धरावा लागेल. त्याच्या बाजूच्यांना थोडा आत वळवून, कडेच्यांना आणखी आत वळवून. ते सगळे आरसे एकमेकांना चिकटवले तर मधे खोल आणि काठाला उंच अशी परात तयार होते. खोलगट आरसा म्हणजे दुसरं काही नाही, एकाच जागेकडं तोंड करून बसलेले खूप सारे छोटे सपाट आरसे. शाळेच्या पुस्तकात त्याला अंतर्गोल आरसा म्हणतात आणि ऊन जिथं जमतं त्या जागेला नाभी म्हणतात.

इथं एक बारीक गोष्ट आहे. परात म्हटलं की आपल्याला कढई आठवते. कढई ही गोल चेंडूचा तुकडा असते. तिनं ऊन जमतं, पण नीट जमत नाही. समजा नाभी ५० सेंटीमीटर उंचीवर हवी आहे. तर मधल्या बिंदूपासून २० सेंटीमीटर दूर गेल्यावर आरसा २ सेंटीमीटर वर उचललेला पाहिजे. ४० वर ८ सेंटीमीटर. ६० वर १८ सेंटीमीटर. हिशेब सोपा आहे : जितकं दूर गेलात त्याला त्यानंच गुणा आणि नाभीच्या उंचीच्या चौपटीनं भागा. अंतर दुप्पट झालं की उंची चौपट होते. या आकाराला अन्वस्त म्हणतात, इंग्रजीत पॅराबोला. शिक्षक लोकांना हे नाव विचारा, त्यांनी ते फळ्यावर काढलेलं असतं.

तेवढ्याच नाभीची गोल कढई घेतली तर ६० वर १८ च्या जागी २० सेंटीमीटर येतात. फरक फक्त दोन बोटांचा. पण त्या दोन बोटांमुळे काठावरचं ऊन ५० सेंटीमीटरवर न जमता साडेबारा सेंटीमीटर अलीकडंच एकमेकांना ओलांडून जातं. भांड्याच्या बुडाला लागायचं ते बाजूनं निसटतं. मधलं ऊन कामाला येतं, काठाचं फुकट जातं. आणि जास्त जागा तर काठालाच असते. म्हणून आरसा चकचकीत असून भागत नाही, आकार नीट पाहिजे.

टोपलीतला आरसा

शिबिरात आम्ही हे करून पाहिलं, तुम्हीही गावात करा. एक मोठी टोपली किंवा घमेलं घ्या. आतून चुलीला लिंपतो तशी माती आणि शेण कालवून जाड थर द्या. मधोमध काडी सरळ उभी करा. काडीच्या वर, चाळीसेक सेंटीमीटरवर, तारेनं एक काळा केलेला छोटा डबा टांगा. बाजारातले छोटे आरसे वीस-पंचवीस आणा. आता टोपली सूर्याकडं तिरपी ठेवा. काडीची सावली दिसेनाशी झाली की समजा टोपली बरोबर सूर्याकडं बघते आहे. मग एकेक आरसा ओल्या मातीत दाबा आणि त्याचा कवडसा डब्याच्या बुडावर येईपर्यंत बोटानं हलवा. आला की सोडून द्या, दुसरा घ्या.

एका गोष्टीनं सगळे फसतात. सूर्य थांबत नाही. चार मिनिटांत तो एक अंश सरकतो. म्हणून प्रत्येक आरसा बसवण्याआधी टोपली थोडी फिरवून काडीची सावली पुन्हा नाहीशी करायची. तसं केलं नाही तर पहिला आरसा एका सूर्यासाठी बसतो आणि विसावा दुसऱ्या सूर्यासाठी.

माती वाळली की आरसा तयार. आमच्या टोपलीत डब्यात कपभर पाणी होतं. अर्ध्या तासात ते चटका बसेल एवढं तापलं. एवढ्याशा टोपलीत भात शिजणार नाही, कारण तिनं गोळा केलेलं ऊनच थोडं आहे. आरसा नवीन ऊन तयार करत नाही. जेवढ्या जागेवरचं ऊन तो अडवतो, तेवढंच देतो. हे कुणीही विसरू नका, कारण विकणारे हे सांगत नाहीत.

भात शिजवायला खाटेएवढं ऊन लागतं. बाजारात तबकडीसारखी सूर्यचूल येते, तिचा व्यास १४० सेंटीमीटर असतो आणि जागा दीड चौरस मीटर, म्हणजे आपली खाट. त्या सगळ्या जागेचं ऊन वीतभर रुंदीच्या काळ्या भांड्याच्या बुडावर येतं. थोडं आरशात हरवतं, थोडं वाऱ्यानं जातं. उरतं त्यात पाच लिटर पाणी पाऊण ते एका तासात उकळतं. दहा-पंधरा माणसांचं वरण-भात त्यावर होतं.

ही गोष्ट नवी नाही

कुणी म्हणेल, हे आत्ताचं काहीतरी परदेशातून आलेलं आहे. तसं नाही. मुंबईत कुलाब्याला विल्यम ॲडम्स नावाचा इंग्रज राहत होता, हायकोर्टात नोकरीला होता. फ्रान्समधे मुशो नावाचा शिक्षक आरशावर वाफेचं यंत्र चालवत होता, ते ऐकून यानंही सुरू केलं. मोठा खोलगट आरसा घडवणं कठीण आणि महाग पडतं हे त्याच्या लक्षात आलं. मग त्यानं आपल्या टोपलीसारखंच केलं : छोटे सपाट आरसे अर्धवर्तुळाच्या मांडणीत बसवले, सगळ्यांचं तोंड एका बॉयलरकडं. मांडणी चाकांवर, माणसानं सूर्यासोबत ढकलायची. त्या वाफेवर त्यानं अडीच घोड्यांच्या ताकदीचा पाण्याचा पंप चालवून लोकांना दाखवला. आरशाच्या पेटीत सात शिपायांचं जेवण दोन तासांत शिजवलं, तेही जानेवारीच्या थंडीत. १८७८ साली त्यानं यावर पुस्तक काढलं. त्याचं म्हणणं होतं की उष्ण देशात लाकूड आणि कोळशाऐवजी ऊन जाळावं.

१८७८ हे साल लक्षात ठेवा. त्याच साली इंग्रजांनी जंगलाचा मोठा कायदा केला, राखीव जंगल ठरवलं आणि लोकांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वापर 'सवलत' करून टाकले. वऱ्हाड तेव्हा कागदावर निजामाचं आणि कारभार इंग्रजांचा, म्हणून आपल्याकडं कायदा वेगळा आला, पण रीत तीच. मेळघाटातलं रान तर त्याच्याही आधीपासून राखीव करायला लागले होते. रेल्वे १८६७ साली नागपूरला पोचली होती, तिला सागवान पाहिजे होतं.

म्हणजे बघा. एकीकडं सरकारच्या एका माणसानं दाखवून दिलं होतं की उन्हावर अन्न शिजतं, पंप चालतो. दुसरीकडं सरकारनं रान ताब्यात घेतलं आणि मोळी आणणाऱ्या बाईला चोर ठरवलं. उन्हाचा प्रयोग शिपायांसाठी झाला आणि पुस्तकात राहिला. कायदा मात्र आपल्या दारापर्यंत आला. ज्ञान नव्हतं म्हणून आपल्या आज्यांनी मोळ्या वाहिल्या असं कुणी सांगितलं तर मानू नका.

आज मोठे आरसे कुठं आहेत

शिर्डीला तुमच्यापैकी बरेच जण जाऊन आले आहेत. तिथल्या साईबाबा संस्थानच्या प्रसादालयावर वर नजर टाका. छपरावर ७३ मोठ्या तबकड्या दिसतील, प्रत्येक १६ चौरस मीटरची. २००९ सालापासून त्या आहेत. त्या उन्हानं पाण्याची वाफ करतात, वाफ नळातून खाली स्वयंपाकघरात येते आणि मोठ्या भांड्यांत हजारो माणसांचं जेवण शिजतं. आपण प्रसाद खाऊन येतो, वर काय चाललं आहे ते बघत नाही.

त्या तबकडीचा आकार वोल्फगांग शेफलर नावाच्या माणसानं १९८० नंतर बसवला. त्यानं एक मोठी अडचण सोडवली. साध्या सूर्यचुलीत भांडं आरशाच्या मधे असतं. बाईला उन्हात उभं राहून, डोळे दिपत असताना ढवळावं लागतं. शेफलरच्या आरशात भांडं जागचं हलत नाही. आरसा बाहेर अंगणात, चूल आत सावलीत, मधे भिंतीला झरोका. आरसा एका आसाभोवती फिरतो. तो आस ध्रुवताऱ्याकडं रोखलेला असतो. आपल्या मेळघाटात ध्रुवतारा जमिनीपासून साधारण २१ अंश वर दिसतो, म्हणून आसही तेवढाच तिरपा. रात्री सगळं आभाळ ध्रुवाभोवती फिरताना आपण पाहतो, दिवसा सूर्यही त्याच आसाभोवती फिरतो, तासाला १५ अंश. आरसा त्या चालीनं घड्याळासारखा फिरवला की ऊन दिवसभर त्याच झरोक्यातून आत येतं. सकाळी एकदा लावून द्यायचा. हिवाळा-उन्हाळ्यात सूर्य दक्षिणेला-उत्तरेला सरकतो, म्हणून दर काही दिवसांनी आरशाचा बाक थोडा बदलावा लागतो. सात-आठ चौरस मीटरच्या अशा एका आरशावर ४०-५० माणसांचं जेवण होतं.

लातूरला महानंदच्या दूध डेअरीत मुंबईच्या आयआयटीच्या मदतीनं केलेली १६० चौरस मीटरची एकच तबकडी बसवली. ती दूध तापवायला लागणारी उष्णता देते. आणि राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात नोख इथं २०१३ पासून ५० मेगावॅटचं वीज केंद्र आहे. तिथं परात नाही, पन्हळीसारखे लांबच लांब आरसे आहेत. परात ऊन एका ठिपक्यावर आणते, पन्हळ ते एका रेषेवर आणते. त्या रेषेवर नळी असते, तिच्यातलं तेल तापतं, त्या तापलेल्या तेलानं पाण्याची वाफ, वाफेवर वीज. त्यासाठी शेकडो एकर जमीन आरशाखाली गेली आहे.

शेकडो एकर. इथं थोडं थांबा. आरसा कितीही हुशार असो, ऊन त्याला जमिनीवरूनच उचलावं लागतं. ज्याच्या हातात जमीन, त्याच्या हातात ऊन. म्हणून ही गोष्ट आमच्या पत्रकात आली आहे.

आमच्या गावात काय झालं

आता आमची फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या गावात एक सूर्यचूल आली. कुणी दिली त्याचं नाव घेत नाही. नारळ फुटला, फोटो निघाले, पाटीभर खिचडी शिजली, सगळ्यांनी खाल्ली. तीन महिन्यांनी ती चूल शाळेच्या मागं पडली होती आणि तिच्यात कोंबड्या बसत होत्या.

लोक म्हणाले, आदिवासींना नवीन काही वापरता येत नाही. आम्ही घरोघर जाऊन बायांना विचारलं. एकीनं सांगितलं, "मी सकाळी वावरात जातो, सांजच्याले येतो. सूर्य काय माह्यासाठी थांबते काय?" दुसरी म्हणाली, "भाकर त्याच्यावर होत नाही जी, तव्याले जाळ लागते." तिसरीनं सांगितलं की पत्र्यावरचा चकचकीत कागद धुळीनं घासून मेला, बदलून कुणी दिला नाही. एका म्हाताऱ्यानं सांगितलं की पावसाळ्यात चार महिने आभाळच उघडत नाही, मग काय खायचं?

सगळ्यांचं म्हणणं खरं होतं. खोलगट आरशाला सूर्य समोर दिसावा लागतो. ढगातून, धुक्यातून चारी बाजूंनी येणारा उजेड त्याला जमवता येत नाही, कारण त्याचा सगळा खेळ एकाच दिशेनं येणाऱ्या उन्हावर आहे. जून ते सप्टेंबर तो बंद. सकाळ-संध्याकाळ बंद. आणि आपली चूल तर नेमकी सकाळी आणि संध्याकाळीच पेटते. घराची चूल ही आरशाची जागाच नव्हती. चूक बायांची नव्हती, न विचारता देणाऱ्यांची होती.

पण दुपारी बाराला कोण शिजवतं? अंगणवाडी. आश्रमशाळा. प्यायचं पाणी उकळणं दुपारी होऊ शकतं. मोहफुलं उकडणं मार्च-एप्रिलमधे, कडक उन्हात. ही आरशाची कामं आहेत. नोव्हेंबर ते मे, दहा ते तीन.

हे झालं चुलीचं. खरी गोष्ट पुढं घडली. आमच्या सामूहिक दाव्याची तयारी चालली होती. एका बैठकीत एक साहेब म्हणाले, "आता तुम्हाला सूर्यचूल मिळाली. मग सरपणाचा हक्क कशाला लिहिता?" आम्ही हसण्यावारी नेलं. नंतर दाव्याचा कागद गावसभेत पुन्हा वाचला, तर निस्ताराच्या मजकुरातली सरपणाची ओळ गायब होती. कुणी काढली, कुणीच सांगेना. ज्या बाईनं ते पकडलं तिला वाचता येत नाही. ती म्हणाली, "मागच्या खेपेला वाचलं तवा मोळीचं नाव आलं होतं. आता काऊन नाही आलं?" गावसभेनं त्याच रात्री कागद पुन्हा लिहिला, अंगठे पुन्हा घेतले.

कोंबड्या बसणाऱ्या एका चुलीच्या बदल्यात आमच्या गावाचा पिढ्यांचा हक्क जाणार होता. म्हणून सांगतो, आरसा घ्या, पण त्याच्या बदल्यात काही देऊ नका. मेळघाटातून उठवून अकोटकडं नेलेल्या गुल्लरघाट, केलपाणीसारख्या गावांची माणसं इथं बसली आहेत. रान मागं राहिल्यावर एक मोळी सरपण काय किमतीला पडतं, ते त्यांना विचारा.

कायदा काय म्हणतो

२००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(१)(ख) मधे निस्ताराचा हक्क आहे. गौण वनोपजाच्या व्याख्येत झुडपी लाकूड आणि खुंट स्पष्ट लिहिले आहेत. कलम ३(१)(झ) मधे आपलं सामूहिक रान राखण्याचा, वाढवण्याचा, सांभाळण्याचा हक्क आहे. कुणी गॅस दिला, सूर्यचूल दिली, म्हणून हे हक्क कमी होतात असं कायद्यात कुठंही नाही.

आता दुसरी बाजू. कलम ३(२) कमी लोकांना माहीत आहे. गावाच्या सोयीसाठी वनजमीन वापरता येईल अशी १३ कामं त्यात मोजून दिली आहेत : शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेच्या तारा, तळी, पाण्याची नळवाट, रस्ता वगैरे. त्याच यादीत अपारंपरिक ऊर्जा आहे. उन्हाचा आरसा त्यात बसतो. अटी दोन : प्रत्येक कामाला जमीन एक हेक्टरपेक्षा कमी आणि हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि गावसभेची शिफारस पाहिजे. गावसभेच्या शिफारशीशिवाय हे काम होऊ शकत नाही. म्हणजे वनजमिनीवर अंगणवाडीचा आरसा उभा करायचा असेल तर गावसभेची शिफारस लागेलच. आणि कुणी बाहेरचा या कलमाचं नाव सांगून मोठा प्रकल्प आणत असेल, तर हे कलम गावाच्या सोयीसाठी आहे, कंपनीसाठी नाही, हे त्याला तोंडावर सांगायचं.

अचलपूर तालुक्यातल्या पायविहीरनं २०१२ साली सामूहिक हक्क मिळवला. त्यांनी आधी हक्क घेतला, मग रान वाढवलं, मग सीताफळं स्वतः विकायला लागले. क्रम हाच ठेवा. आधी हक्क, मग योजना.

गावसभेत काय करायचं

१. आधी टोपलीतला आरसा करा. लेकरांना आणि बायांना हातानं करू द्या. जे आपण बनवलं आहे ते दुरुस्तही करता येतं.

२. आरसा आणायचा तर कोणत्या कामाला, किती वाजता, कोण शिजवणार, हे बायांच्या बैठकीत ठरवा. घरोघर एक न घेता अंगणवाडी किंवा शाळेला एक मोठा घ्या.

३. देणाऱ्याला विचारा : चकचकीत पत्रा खराब झाला तर कोण बदलणार, किती दिवसांत? लिहून घ्या. आरसा मऊ ओल्या फडक्यानं पुसायचा, राखेनं घासायचा नाही.

४. तबकडीच्या काठावर एक खिळा ठोका. खिळ्याची सावली नाहीशी झाली की आरसा सूर्याकडं आहे. दर पंधरा-वीस मिनिटांनी फिरवा.

५. जपा. नाभीवर वाळलेलं पळसाचं पान धरलं तर बघता बघता पेटतं. काम संपलं की तबकडी सूर्यापासून फिरवून ठेवा किंवा गोणपाट टाका. गवताच्या छपराजवळ, चाऱ्याच्या गंजीजवळ कधीच ठेवू नका. आरशात बघू नका, लेकरांना मधे जाऊ देऊ नका.

६. आरसा गावसभेच्या नावावर राहील, कुणा एकाच्या किंवा संस्थेच्या नावावर नाही.

७. खाली ठराव दिला आहे. आपल्या गावाचं नाव घालून लिहा, वाचून दाखवा, दोनदा वाचा. गावसभेला निम्मे सभासद पाहिजेत, त्यांत एक तृतीयांश बाया. अंगठे आणि सह्या त्याच रात्री घ्या, एक प्रत गावात ठेवा.

ठराव : "आमच्या गावसभेनं असं ठरवलं आहे की, गावात सूर्यचूल, गॅस किंवा दुसरी कोणतीही ऊर्जेची सोय आली तरी सरपण, चराई, गौण वनोपज आणि सामूहिक रान राखण्याचे आमचे हक्क पूर्ण राहतील. कोणतीही सोय या हक्कांच्या बदल्यात दिली किंवा घेतली जाणार नाही. वनजमिनीवर उर्जेचं कोणतंही काम गावसभेच्या लेखी शिफारशीशिवाय होणार नाही."

शेवटी आजीकडं परत येतो. भाषण संपल्यावर आम्ही तिला टोपलीतल्या डब्यातलं पाणी दाखवलं. तिनं बोट बुडवलं, पटकन काढलं, हसली. म्हणाली, "चांगलं हाये. पण चाय रात्री प्यायची झाली तर मोळी लागनच ना?"

लागेल आजी. दुपारचं ऊन आपलं आहे आणि रात्रीची मोळीही आपली आहे. दोन्ही कागदावर लिहून घेऊ.

जोहार. जिंदाबाद.